कवळ्यांच्या खोलीतली जुनी रेकॉर्ड

मी एक जुनी रेकॉर्ड आहे. काळी, गोल, मधोमध भोक असलेली तबकडी. तुमच्यापैकी काहींनी माझ्यासारखी एखादी भिंतीवर शोभेसाठी टांगलेली पाहिली असेल. काहींना मी चहाचे कप ठेवायचं तबक वाटेन. वाटू दे. पण मित्रांनो, माझ्या अंगावरच्या या बारीक रेघांमध्ये चार तरुण मुलांचा एवढा गोंगाट भरून ठेवला आहे, की माझ्यावर सुई टेकली की शेजारचे भिंतीवर मुठी आपटायचे. ती माझी पहिली कीर्ती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ही कहाणी मी शांत मनाने सांगत नाही. जुन्या वस्तूंनी समजूतदारपणे बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मोडक्या खुर्च्या, फाटक्या छत्र्या, सगळ्या कशा ‘आमचे दिवस संपले’ असं म्हणून मोकळ्या होतात. माझे दिवस संपले असं मला आजही वाटत नाही. आणि जिने माझी जागा घेतली तिचा विषय निघाला की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काळा गोळा गरम करून मऊ करायचा, दोन पोलादी साच्यांमध्ये ठेवायचा आणि वरून यंत्राचा दाब द्यायचा, की झाली रेकॉर्ड. माझ्या कडेला आलेली जास्तीची झालर एका कामगार बाईने कापून टाकली. मला उजेडासमोर तिरकं धरून पाहिलं आणि ‘जाऊ दे’ म्हणून पुढे सरकवलं. माझ्याबद्दल कोणी बोललेले ते पहिले शब्द.

माझ्यातल्या संगीताला हार्ड रॉक म्हणतात. चौघांचा बँड होता आणि मी त्यांची पहिली रेकॉर्ड. त्या चौघांना मी कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही, पण आवाजावरून पक्की ओळखते. गायक इतक्या वरच्या पट्टीत जायचा की ऐकणाऱ्याला वाटे, आता हा परत खाली येत नाही. ड्रम वाजवणारा त्या ड्रमवरच्या पितळी थाळ्यांवर असा तुटून पडायचा, जणू त्या त्याचं काही देणं लागत होत्या. गिटारवाल्याला थांबणं माहीतच नव्हतं. राहिलेला चौथा, तो जाड तारांची गिटार घेऊन गुपचूप मागे उभा राहायचा आणि सगळ्यांना सांभाळून घ्यायचा.

दुकानातून मला एका तरुण मुलीने घरी आणलं. ती तेव्हा नुकतीच कवळ्या बनवायला शिकत होती. कवळी म्हणजे खोटे दात. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, पण दात घडवणारं माणूस वेगळंच असतं, आणि ते सहसा मागच्या खोलीत बसलेलं असतं. पुढे सगळे तिला ‘कवळीवाल्या बाई’ म्हणू लागले, म्हणून मीही तिला बाईच म्हणते. तिचा धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता. ती त्याला ‘छोट्या’ म्हणायची. आज त्याच्या डोक्यावर केस नाहीत, तरी तो छोट्याच आहे.

मला पहिल्यांदा लावलं तेव्हा त्यांचे वडील आतून धावत आले.

“काय पडलं? मांडणी पडली का?”

“नाही हो बाबा, गाणं आहे.”

“हे गाणं? मग मांडणी पडली असती तर बरं झालं असतं. निदान एकदाच पडली असती.”

बाई आणि छोट्या पोट धरून हसले. त्याच दिवशी दोघांनी मिळून बँडवाल्यांची बारशी उरकली. गायक झाला ‘किंचाळ्या’. ड्रमवाला ‘हातोडा’. गिटारवाला कव्हरवरच्या फोटोत मान वाकडी करून उभा होता, म्हणून ‘वाकडमान्या’. चौथ्याचं नाव ठेवायला विसरले, ते विसरलेच.

पुढे बाईला दातांच्या दवाखान्यामागची खोली कामाला मिळाली आणि मी तिच्याबरोबर तिथे राहायला गेले. मित्रांनो, ती खोली तुम्ही पाहायला हवी होती. एका भिंतीला लांब टेबल. त्यावर मेणाचे डबे, गॅसची बारीक शेगडी, कोरण्या, आणि रांगेने मांडलेले पांढऱ्या प्लास्टरचे जबडे. नवं माणूस दारात आलं की दचकायचं. कोपऱ्यात पॉलिशचं चाक. ते सुरू झालं की त्याची बारीक, टोकदार किंकाळी सगळ्या खोलीत भरून राहायची. खिडकीत रेकॉर्ड प्लेअर, आणि त्याच्यावर मी.

मी तिथे नुसती करमणुकीला नव्हते हो. मी कामाला होते. डॉक्टरांनी घेतलेल्या मापात बाई प्लास्टर ओतायची. ते नीट घट्ट होईपर्यंत साचा उघडायचा नसतो, नाहीतर आतला जबडा तुकड्यातुकड्यांत बाहेर येतो. प्लास्टर ओतलं की बाई माझी पहिली बाजू लावायची. ती संपली की हात पुसून मला उलटायची. दुसरी बाजू संपली की साचा उघडायचा. हातांना प्लास्टर लागलेलं, घड्याळाकडे कोण बघणार? एवढ्या वर्षांत माझ्या मापाने उघडलेला एकही जबडा तडकला नाही. गावातली कितीतरी माणसं माझ्या भरवशावर चावत होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पलीकडून डॉक्टर भिंतीवर टकटक करायचे.

“बाई, जरा हळू! पेशंट घाबरतोय!”

“तुमच्या सुईला घाबरतोय तो, माझ्या गाण्याला नाही!” बाई इकडून ओरडायची.

असे माझे दिवस मजेत चालले होते. माझ्यानंतर त्या बँडच्या आणखी दोन रेकॉर्ड आल्या. बाईने त्या एकेकदा ऐकल्या आणि छोट्याला देऊन टाकल्या. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यांचा मला कधी त्रास झाला नाही. मग त्या चौघांची भांडणं झाली, बँड मोडला, लोक त्यांना विसरून गेले. मला त्याचं दुःख झालं असं वाटत असेल तर ते खोटं आहे. बँड मोडला म्हणजे नवी कोणी येणार नव्हती. मी निश्चिंत झाले.

आणि मग एका सकाळी छोट्या पाठीमागे काहीतरी लपवत खोलीत आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. उंच इमारतीत तळमजल्यावर उभा राहून वरच्या चाकाची कुरकुर ओळखतो, असा त्याचा कान. आल्या आल्या म्हणाला,

“ताई, डोळे मीट.”

“माझ्या हातात ब्लेड आहे. डोळे मिटले तर तुझं नाक जाईल.”

“बरं, मग बघ. म्हातारे परत आले.”

आणि त्याने ती टेबलावर ठेवली. त्या चौघांची नवी रेकॉर्ड. एक नाही, कव्हरमध्ये दोन तबकड्या. जाडजूड, चकचकीत. दारासारखं उघडणारं कव्हर. आत मोठा फोटो, बागेतल्या बाकावर चार म्हातारे बसलेले. बाईने हात धुतले, पुसले, आणि मग तिला हात लावला. मित्रांनो, माझ्यासाठी तिने कधी हात धुतले नव्हते. मला ती ॲप्रनच्या टोकाने पुसायची.

बाई फोटो डोळ्यांशी धरून बघत होती.

“हातोड्याचे केस गेले रे.”

“माझेही गेले. मला कोणी विचारलं नाही.”

“आणि किंचाळ्याला कवळी आहे.”

“फोटोवरून?”

“वरची. बघ ना, कशी कुंपणासारखी सरळ बसवलीय. मूळचा पुढचा दात जरा वाकडा होता त्याचा. तो तसाच ठेवायला हवा होता. कोणी केलीय कोण जाणे. माझ्याकडे यायला हवं होतं.”

मग मला प्लेअरवरून उचललं, फळीवर मेणाच्या डब्याला टेकवून ठेवलं, आणि त्या नवीला लावलं.

मी कान देऊन ऐकत होते. खरं सांगते, तिच्यात खोट काढायची या एकाच इराद्याने ऐकत होते. आणि खोट काढायला फार कष्ट पडले नाहीत. किंचाळ्या वर जातच नव्हता. तो खालच्या आवाजात, घोगरा, खाकरत खाकरत गात होता. हातोडा दोन ठोक्यांच्या मध्ये एवढी जागा सोडत होता, की त्यात कोणीतरी चहा पिऊन यावं. वाकडमान्या एक सूर धरायचा आणि त्यावरच बसून राहायचा. ज्याचं नाव ठेवायचं राहिलं तो चौथा मात्र आता सगळ्यांच्या पुढे येऊन वाजवत होता. माझ्यात जे वीज कडाडल्यासारखं होतं, ते तिच्यात लांबून गडगडल्यासारखं. मला मनातून फार आनंद झाला. म्हटलं, ही दोन दिवसांची पाहुणी. छोट्याच्या घरी जाऊन पडणार, आधीच्या दोघींच्या शेजारी.

छोट्यालाही तसंच वाटलं. दुसऱ्या गाण्याला तो म्हणाला,

“ताई, हा गातोय की जिना चढतोय?”

“चूप. ऐकू दे.”

“दम लागलाय गं त्याला. आणि ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते, ऐकलीस? कवळी आहे हे मात्र बरोबर ओळखलंस.”

“शिट्टीबिट्टी काही नाही. कवळ्या मी करते का तू? उगाच खोड्या काढू नकोस.”

“अगं, ही काय आत्ता वाजली!”

“छोट्या, तुला लिफ्टच्या खडखडाटाची सवय झालीय. चांगलं काही ऐकलं की तुला दुरुस्त करावंसं वाटतं.”

शेवटचं गाणं अगदी संथ होतं. एक माणूस आपल्या रिकाम्या घरातले दिवे एकेक करून मालवत जातो, असं काहीसं. बाई हातातला जबडा तसाच धरून बसली होती. गाणं संपल्यावरही तिने सुई उचलली नाही.

“काय आवडलं तुला यात?” छोट्याने खरंच विचारलं, थट्टा न करता.

बाई म्हणाली, “त्याला आता वर जाता येत नाही, हे त्याला कळलंय. म्हणून तो ओढूनताणून वर जात नाही. आहे तिथेच ऐसपैस बसतो. तरुणपणीचा आव आणला असता तर मला लाज वाटली असती त्याची. हे चौघं आपल्या वयाचे होऊन आलेत. आणि एक सांगू? मला यातलं सगळं ऐकू येतं. एकेक सूर. किती दिवसांनी असं स्वच्छ काही ऐकलं.”

“म्हणजे जुनीपेक्षा चांगली?”

मी फळीवर श्वास रोखून धरला. रेकॉर्डला श्वास नसतो, पण धरला.

“तुलना कशाला करायची,” बाई म्हणाली.

मित्रांनो, ‘तुलना कशाला करायची’ असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा तुलना करून झालेली असते. हे लक्षात ठेवा.

त्या दिवसापासून प्लेअरवर ती आणि फळीवर मी. माझ्या एका बाजूला मेणाचा डबा, दुसऱ्या बाजूला प्लास्टरची पिशवी. पिशवी उघडली की पांढरी धूळ उडायची आणि माझ्या कव्हरवर बसायची. तिकडे तिच्यासाठी मऊ फडकं आलं. सुई साफ करायचा छोटासा ब्रश आला. बाई तिची गाणी गुणगुणू लागली, आणि गुणगुणायला ती सोपी होती, हेच मला जास्त लागलं. माझी गाणी कोणाला गुणगुणता येत नाहीत. माझ्यासाठी ओरडावं लागतं. पूर्वी बाई ओरडायची. कोरणी हातात घेऊन नाचायचीसुद्धा. आता ती डोळे मिटून मान हलवायची आणि मध्येच ‘वा’ म्हणायची. माझ्या सगळ्या आयुष्यात ती मला कधी ‘वा’ म्हणाली नव्हती. मी मनातल्या मनात रोज त्या नवीचं वाईट चिंतत होते. उन्हात वाकडी हो, म्हणत होते. जबड्यावर पडून तडक, म्हणत होते.

आणि थोड्याच दिवसांत माझी इच्छा वेगळ्याच वाटेने फळाला आली.

बसस्थानकावर कुठली बस कुठल्या फलाटाला लागली ते माइकवरून सांगणाऱ्या एक बाई होत्या. त्यांची कवळी हातातून पडून फुटली. दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं. आमच्या बाईने डॉक्टरांनी घेतलेलं त्यांचं माप पुढ्यात ओढलं, प्लास्टर ओतलं आणि सवयीने रेकॉर्ड लावली. नवी. पहिली बाजू संपली, तिने उलटली. दुसरी संपली, तिने साचा उघडला. दोन बाजू झाल्या की उघडायचं, हातांना तेवढंच ठाऊक. पण मित्रांनो, माझ्या दोन बाजूंत जेवढं मावतं ते तिच्या चार बाजूंत पसरलेलं होतं. तिच्या बाजू आखूड! प्लास्टर अजून ओलसर होतं. जबडा साच्यातून निघाला तो पुढच्या दातांच्या जागी मोडून, खालचा भाग बाईच्या हातात आणि वरचा आतच.

घोषणावाल्या बाई संध्याकाळी कवळी न्यायला आल्या. तोंडावर रुमाल धरलेला.

“झाली का माझी कवली?”

“नाही हो. माझ्याच हातून माप मोडलं. डॉक्टरांना पुन्हा घ्यावं लागेल. उद्या संध्याकाळी नक्की देते.”

“आनि उद्या शकाली मी माइकवर काय बोलू? लोक हशतील हो मला! शाहेबांनी आधीच शांगितलंय, शुट्टी मिलनार नाही!”

बाईने त्यांना पाणी दिलं, माफी मागितली. त्या गेल्यावर ती बराच वेळ मोडका जबडा हातात घेऊन बसली. आपल्या कामात चूक झाली की ती असंच बसते. मग उठली, नवी रेकॉर्ड उतरवली, कव्हरात घातली, आणि फळीकडे आली.

“चल गं,” मला म्हणाली. “कामाला तूच बरी.”

मी जिंकले होते! धूळ झटकली गेली, मी पुन्हा खिडकीत आले. नवं माप आलं, प्लास्टर ओतलं, सुई टेकली. मी जीव तोडून वाजले. किंचाळ्या वर गेला, हातोड्याने थाळ्यांवर आडवातिडवा हात चालवला. बघ म्हटलं बाई, याला म्हणतात गाणं.

बाईच्या कपाळाला आठी पडली. तिने आवाज वाढवला. मग सुई उचलून तिच्यावर फुंकर मारली, ब्रश फिरवला, पुन्हा टेकवली. स्पीकरजवळ जाऊन कान लावला. भिंतीपलीकडून डॉक्टरांची टकटक झाली, तिने लक्ष दिलं नाही. शेवटी मागे सरकली आणि हळूच म्हणाली,

“झिजली बिचारी.”

मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. शेजारच्यांनी माझ्या नावाने काय काय म्हटलं आहे! पण बिचारी? ते मला अजून कोणी म्हटलं नव्हतं.

तिने छोट्याला फोन लावला. “तुला जुनी हवी होती ना? कधीपासून मागे लागला होतास. ये, घेऊन जा. तिच्यात आता काही उरलं नाही, पण तुझ्याकडे आठवण म्हणून राहील.” आणि फोन ठेवून प्लास्टरसाठी बाजारातून गजर होणारं छोटं घड्याळ आणायचं, असं स्वतःशीच बोलली.

माझं एवढंच मागणं होतं, की मला त्या खोलीत राहू द्यावं. फळीवर सुद्धा चाललं असतं. पण ते आता गेल्यात जमा होतं.

सुट्टीच्या दिवशी छोट्या आला. बाईने मला कवळ्या गुंडाळायच्या मऊ कागदात गुंडाळून ठेवलं होतं. त्याने गाठ सोडली.

“नेण्याआधी एकदा लाव. खरखर किती आहे ते बघू. सुई बदलून काही जमतं का.”

“काही जमणार नाही. नुसता गलबला उरलाय. वरचं सगळं पुसून गेलंय.”

सुई टेकली. छोट्याने मान तिरकी केली, लिफ्टच्या दारात उभा राहून करतो तशी. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं.

“ताई, ही कुठे झिजलीय? थाळ्या बघ कशा खणखणतायत.”

“कुठल्या थाळ्या?”

“आत्ताच्या. या. हातोड्याच्या.”

बाई त्याच्याकडे बघत राहिली. “मागे घे.”

त्याने सुई उचलून मागे ठेवली. “आता बघ. आता. आता. ही पुन्हा.” दर वेळी तो एक बोट वर करत होता. बाई त्याच्या बोटाकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं.

“थट्टा करतोयस.”

“आईशप्पथ नाही, ताई.”

“आणि तो किंचाळतो तेव्हा शेवटी जे टोक यायचं...”

“आहे ना. अजून अंगावर काटा येतो. हे बघ, हात बघ माझा.”

तिने त्याचा हात पाहिला. मग सावकाश स्टूलावर बसली. मी सुईखाली फिरतच होते. तिची नजर कोपऱ्यातल्या पॉलिशच्या चाकाकडे गेली.

“याने खाल्ले रे माझे कान,” ती म्हणाली. “रोज कानाशी किंचाळत होतं.”

“डॉक्टर कधीपासून सांगत होते ना, कानात कापूस घाल म्हणून?”

“सांगत होते. पण कापूस घातला असता तर ही ऐकू आली नसती.”

ती माझ्याकडे बोट दाखवत होती.

मित्रांनो, मी तेव्हा वाजत होते म्हणून बरं. वाजत नसते तर काय केलं असतं मला माहीत नाही. मला वाटलं होतं, तिचं मन माझ्यावरून उडालं. आणि इकडे मला ऐकायचं म्हणून तिने त्या चाकाला कान उघडे देऊन ठेवले होते, तरुणपणापासून, रोज.

छोट्याने सुई उचलली. मग बाईच हसली, डोळे पुसत.

“म्हणजे ते चौघंही माझ्यासारखेच झाले असणार बघ. एवढी वर्षं त्या थाळ्यांशेजारी उभे राहिलेत. त्यांनाही वरचं ऐकू येत नसेल. म्हणून नवीत सगळं खालीच ठेवलंय.”

“मग उद्याच कानवाल्या डॉक्टरकडे जाऊ. कानात घालायचं यंत्र मिळतं.”

“मला नकोत खोटे कान.”

“वा गं वा! सगळ्या गावाला खोटे दात घालतेस, आणि स्वतःला खोटे कान नकोत?”

दुसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन गेला. यंत्र आलं, पण त्यातून थाळ्या ऐकू येतात त्या पत्र्याच्या डब्यासारख्या, असं ती म्हणते. ते पुढचं झालं. त्या दिवशी मला पुन्हा कागदात गुंडाळताना छोट्या म्हणाला,

“आता ठेवतेस ना हिला? झिजली नाही म्हटल्यावर?”

मी किती आशेने वाट पाहिली.

“नाही. तूच ने,” बाई म्हणाली. “माझ्याकडे ती अर्धीच वाजते. तुझ्याकडे पूर्ण वाजेल.”

“आणि तू?”

“मला ही आहे की.” आणि तिने त्या नवीच्या कव्हरवर हात ठेवला.

म्हणून आता मी छोट्याच्या घरी असते. त्याने मला चांगलं ठेवलं आहे, उभं, उन्हापासून लांब, त्या आधीच्या दोघींशेजारी. त्या स्वभावाने बऱ्या आहेत. सुट्टीच्या दिवशी बाई येते. छोट्या मला लावतो आणि तिच्यासमोर बसतो. थाळी वाजली की बोट वर करतो, किंचाळ्या टोकाला गेला की दोन्ही भुवया वर करतो. बाई त्याच्या तोंडाकडे बघत बघत मला ऐकते. कधीकधी छोट्याचं बोट चुकतं, तेव्हा तीच त्याला दटावते, “अरे, इथे एक होती! मला पाठ आहे!” त्या वेळी मी फक्त तिची असते.

पण बाकीचे सगळे दिवस त्या दुसरीचे असतात. छोट्याच्या बोलण्यातून मला तिकडची खबर मिळते. बाई आता पॉलिशचं चाक लावताना कानात कापूस घालते. नेमाने घालते. उरलेले कान तरी टिकावेत म्हणून, नवी नीट ऐकू यावी म्हणून. माझ्यासाठी तिने कान उघडे ठेवले, आणि त्या नवीसाठी ते जपते आहे. यातलं मोठं प्रेम कुठलं, हे मी रोज ठरवते आणि रोज निकाल माझ्या बाजूने लावते. तरीही जळते. त्याला माझा इलाज नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी रेकॉर्ड तुमच्या घरात असेल तर तिला कडेने धरा, ढिगात आडवी टाकू नका. मोठ्या आवाजाच्या यंत्रापाशी उभं राहायचं असेल तर कान झाका, मग तुमचं आवडतं गाणं का चालू असेना. आणि घरातलं एखादं मोठं माणूस तुमच्या बोलण्याकडे लक्ष देईनासं झालं, दुसऱ्याच कोणाशी जास्त रमू लागलं, तर रुसून फळीवर बसण्याआधी त्याच्या जवळ जा आणि विचारा, माझं तुला ऐकू येतंय ना? तुम्हाला ते विचारता येतं. मला फक्त वाजता येत होतं.